निनावी चौकट

पडदा वर जातो, तेव्हा समोर तिसऱ्या मजल्यावरची खोली. खिडकीला लागून टेबल, त्यावर दोन स्क्रीन, की-बोर्डावर बिस्किटाचा चुरा आणि खुर्चीत मांडी घालून बसलेली माझी भाची. वय बत्तीस, पण घरात अजून चिमणीच. रंगमंचावर मी तीस वर्षं काढली. त्या दुपारी मात्र मी प्रेक्षकांत होते, आणि अभिमानानं सांगते, पहिल्या रांगेत.

चिमणी वेबसाइटची पानं बनवते. त्या दिवशी चार वाजता डोळ्यांच्या एका दवाखान्याचा नावनोंदणीचा फॉर्म सुरू व्हायचा होता. माझे डोळेही तिथेच तपासतात. पहिल्यांदाच सगळं काम तिच्या एकटीच्या जबाबदारीवर होतं. तिची एक रीत आहे: काम झालं की स्क्रीन बंद करायचा, आवाज चालू करायचा आणि मला बसवायचं. माझी नजर अधू. संगणक वाचून दाखवतो, मी बटणं दाबत पुढे जाते.

अडीच वाजता बसले. आवाज म्हणाला, "नाव, नाव." मग, "फोन, फोन."

"हा अडखळतोय का गं? पाठांतर कच्चं दिसतंय."

चिमणी हसली नाही. मी सोबत येणाऱ्याच्या भागात पोचले. तिथे नुसतं, "लिहा. रिकामं."

"काय लिहू? माझ्या आठवणी?"

तिनं कपाळावर हात मारला. "आत्या, माती खाल्ली मी."

झालं होतं असं. माहिती भरायचा तुकडा तिनं एकदाच लिहून पानावर दोनदा लावला होता, रुग्णासाठी आणि सोबत्यासाठी. प्रत्येक चौकटीला आयडी, म्हणजे तिचं स्वतःचं खूणनाव, असतो. 'फोन' हे लेबल कुठल्या चौकटीचं, ते त्यावरून ठरतं. तिनं आयडी तुकड्यातच पक्का लिहिला, म्हणून दोन्हीकडे तोच उमटला. दोन्ही लेबलं पहिल्या चौकटीला चिकटली, दुसरी निनावी राहिली. आमच्या एका नाटकात दोन शिपाई होते. "शिपाई!" अशी हाक आली की पुढचाच धावायचा, मागचा अख्खा अंक भाला धरून उभा.

चिमणीनं साहेबांना फोन लावला.

"अगं, आत्ताच पाहिलं मी. छान दिसतंय सगळं. चारचा शब्द दिलाय, उद्या कर दुरुस्त."

"सर, दिसतंय, ऐकू येत नाही. आणि दवाखाना डोळ्यांचा आहे. चूक माझी, त्यांना मीच सांगते. पाचला सुरू करू."

"उशीर तुझ्या नावावर जाईल हां."

"जाऊ द्या."

काय तो प्रवेश! आवाज जरासुद्धा चढला नाही. माझ्या अंगावर काटा आला.

मग ती कामाला लागली. तुकडा पानावर जितक्यांदा येईल तितक्यांदा फ्रेमवर्ककडून, म्हणजे पानं ज्यावर रचतात त्या तयार सांगाड्याकडून, नवा आयडी घ्यायचा आणि तोच चौकटीला नि तिच्या लेबलाला द्यायचा, असं तिनं लिहिलं. लेबलांत कोणाचं तेही घातलं. हाच तुकडा आणखी दोन पानांवर होता, तीही पाहिली.

पावणेपाचला स्क्रीन पुन्हा बंद. "रुग्णाचा फोन," आवाज म्हणाला, एकदाच. मी पुढे सरकले. "सोबत येणाऱ्याचा फोन."

मी टाळ्या वाजवल्या. एकटीनंच, पण हाउसफुल्ल.

"पुरे गं आत्या," चिमणी म्हणाली. "त्या चौकटीत माझा नंबर टाक. गुरुवारी डोळे तपासायला तुझ्याबरोबर मीच येणार आहे."