एकेक खण उतरवणारे गेनबा

गेनबांकडे माझं पहिल्यांदा लक्ष गेलं ते आंबवड्यात, सखूबाईंच्या अंगणात. जुनं घर उतरवायचा अंदाज घ्यायला आलेला हा माणूस ना वाशांकडे बघत होता, ना कौलांकडे. त्यानं विचारलं, "मावशी, तुमी निजता कुठं?"

सखूबाईंनी घराच्या दोन खणांपैकी पूर्वेचा खण दाखवला. त्यांचा मुलगा इंद्रजित, माझा जुना विद्यार्थी, जुन्या घराच्या जागेवर स्लॅबचं घर बांधणार होता. तोवर आईनं सारोळ्याला लेकीकडे राहावं, असं त्याचं म्हणणं. सखूबाईंना एकच धास्ती. "एकदा का हितनं उठले, की म्या परत येत न्हाई."

इंद्रजितनं मोबाईल पुढे केला. जेसीबीवाल्याचा मेसेज होता : उद्या घर डिसमँटल करू, दुपारपर्यंत जागा मोकळी.

"मास्तर, ह्यो कसला शबूद?" सखूबाईंनी विचारलं.

जन्मभर इंग्रजी शिकवलेलं, राहवलं नाही. "जोडलेली वस्तू सुटी करून उतरवणं. जुन्या फ्रेंचमधून आलाय. मँटल म्हणजे अंगावरून घ्यायचा झगा. मुळात तो काढून घेणं. मग किल्ल्याचा तट पाडण्याला म्हणू लागले, पुढं कशालाही."

"म्हंजी अंगावरचं घोंगडं वढणं," गेनबा म्हणाले. "मग दुसरं आधी तयार पायजे."

त्यांची रीतच ती. पश्चिमेचा खण आधी उतरवायचा. त्याच वाशांची, त्याच कौलांची परसात खोली उभी करायची. मावशी तिथं गेल्या, की मग पूर्वेचा.

"गेनबा, तवर माझी पोरगी नांदायला जाईल!" इंद्रजित वैतागला.

"जाऊ दे की. पाठवणीला मावशी दारातच असतील."

सखूबाई तोंडाला पदर लावून हसल्या. इंद्रजित आईकडे बघत राहिला, आणि मग त्यानं जेसीबीवाल्याला नको म्हणून कळवलं.

गेनबा वरून कौलं देत, खाली त्यांची बायको रत्ना रचून ठेवी. संध्याकाळी उघड्या बाजूला ताडपत्री बांधल्याशिवाय दोघं घरी जात नसत. खोली झाली तेव्हा सखूबाईंनी आपली बाज कुणाला उचलू दिली नाही. स्वतःच ओढत नेली. सारोळ्याला त्या गेल्याच नाहीत.

गेनबांचा गुडघा आता दुखतो, म्हणून शिडीवर त्यांचा जावई चढतो. सध्या त्यांचं काम मार्गासनीत चालू आहे. एका म्हाताऱ्या जोडप्याच्या घराचा पहिला खण उतरवून झाला आहे.