बरी झाले आणि खोटी ठरले

धुळ्याच्या न्यूरॉलॉजिस्टनी एमआरआयची फिल्म उजेडासमोर धरली. "मेंदू, मणका, नसा, सगळं नॉर्मल आहे." माझ्या मिस्टरांनी सुटकेचा श्वास सोडला. सासूबाईंनी, त्यांना आम्ही अक्का म्हणतो, माझ्या पायांकडे पाहिलं. "बठ्ठं चांगलं शे, मंग चालस का नही ती?"

काहीतरी निघालं असतं तर बरं, असं मला वाटून गेलं.

सुरुवात अशी झाली होती: एकदा पोळ्या लाटताना उजव्या पायाला मुंग्या आल्या आणि संध्याकाळपर्यंत तो गेलाच. डावाही लटपटायचा. मोरीपर्यंत मिस्टर उचलून न्यायचे. उचलून उचलून त्यांची कंबर दुखू लागली, पण कधी तोंड वाकडं केलं नाही. हे लिहायलाच हवं.

न्यूरॉलॉजिस्टनी जळगावच्या मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवलं. त्या बाईंनी माझ्या उजव्या टाचेखाली तळहात ठेवला आणि डावा पाय उचलायला सांगितलं. उचलताना उजवी टाच आपोआप त्यांच्या हातावर दाबली गेली.

"पायात ताकद आहे. तुम्ही ठरवून हलवायला जाता, तेव्हा मेंदूचा निरोप पोचत नाही. याला फंक्शनल न्यूरॉलॉजिकल डिसऑर्डर म्हणतात. हे नाटक नाही."

मी तिथेच रडले.

उपचारात व्यायामाबरोबर हिप्नोसिस, म्हणजे संमोहन होतं. मला वाटलं, शुद्ध हरपेल, नको ते बोलून बसेन. तसं काही नसतं. पंख्याची घरघर, रस्त्यावरचे हॉर्न, सगळं ऐकू येत होतं. फक्त लक्ष एका जागी गोळा झालं होतं. डॉक्टर म्हणाल्या, "जिथे खूप चाललात ती जागा आठवा." मला साक्रीकडचं माहेरचं भाताचं शेत आठवलं. "आता चिखलातून पाय उपसा." अंगठा हलला.

पुढच्या काही भेटींत उभी राहिले. नंतर कित्येक महिने फिजिओथेरपी, घाम, पडणं. ते कुणाच्या लक्षात राहिलं नाही.

अक्का शेजारणीला सांगू लागल्या, "खुर्चीमां डोया मिटीसन बसनी आनि बरी व्हयनी. मंग तिले व्हयेल काय व्हतं?"

 मिस्टरांनीही एकदा विचारलंच, "मी उचलत होतो, तेव्हा तुला मनातून माहीत होतं ना?"

मी त्यांना डॉक्टरांकडे नेलं. बाईंनी सगळं नीट समजावलं. मिस्टरांनी मान डोलावली. रिक्षात बसल्यावर म्हणाले, "डॉक्टर पेशंटचीच बाजू घेणार."

पोटावर टाके असते, तर लोक शहाळं घेऊन भेटायला आले असते.

तुमच्या घरात असं कुणी असेल, तर एवढंच करा. बरं झाल्यावरही त्या माणसावर विश्वास ठेवा. डॉक्टरांचे उपकार मी विसरणार नाही, पण त्यांच्या हातात माझे पाय होते, माझं घर नव्हतं.

गेल्या महिन्यात ओट्यापाशी पाय पुन्हा लुळा पडू लागला. बाहेरच्या खोलीत मिस्टर टीव्ही बघत होते. मी हाक मारली नाही. भिंतीला धरून खाली बसले, डोळे मिटले आणि डॉक्टरांनी शिकवलेलं एकटीनेच करत राहिले. पाय आला. उठून मी कुकर लावला.