इंगळेबाईंची विहीर

विहीर म्हणजे आईचं पोट. छातीवरची वाळू म्हणजे सासरचं ओझं. आणि ओरडायला जावं तर आवाज न फुटणं म्हणजे वर्षानुवर्षं गिळलेला राग.

हे सगळं मी एका बाईला तिच्या ऑपरेशनच्या दुसऱ्या दिवशी, तिच्या कॉटच्या कडेला बसून, पायावर पाय टाकून सांगितलं. तिने मला काही विचारलं नव्हतं. मीच विचारलं होतं, "काय स्वप्न पडलं?" माझ्या सबंध नोकरीत याहून मूर्खपणाचा प्रश्न मी विचारलेला नाही. आणि मूर्खपणाचे प्रश्न मी पुष्कळ विचारलेत.

मी भूलतज्ज्ञ. ऑपरेशनच्या आधी "आता दीर्घ श्वास घ्या" म्हणते ती डॉक्टर. लोक सर्जनला मिठाई देतात, आमचं नावही त्यांच्या लक्षात राहत नाही. नवरा फौजेत. ऐंशीच्या दशकात त्याची बदली जयपूरला झाली आणि मी शहरातल्या एका हॉस्पिटलात नोकरी धरली. हॉस्पिटलचं नाव सांगत नाही. चूक त्याची नव्हती.

स्वप्नांचा नाद मला केटामाइनमुळे लागला. हे भुलीचं एक इंजेक्शन. त्यातून जागं होताना पेशंटला भलतीच रंगीत स्वप्नं पडतात. एक म्हातारे ठाकूर उंटावर बसून ढगांत जाऊन आले आणि उंट परत मागायला लागले. मला गंमत वाटली. चौडा रास्ता नावाच्या बाजारातल्या जुन्या पुस्तकांच्या दुकानातून स्वप्नांच्या अर्थांचं एक जाड इंग्रजी पुस्तक आणलं, आणि झालं. वय बत्तीस, अंगात गाडाभर आत्मविश्वास. दात पडले की अधिकार जाण्याची भीती. उडणं म्हणजे सुटका. परीक्षेला बसलोय आणि काही येत नाही म्हणजे आपण लायक नाही अशी धास्ती. सापाबद्दल पुस्तकात जे लिहिलं होतं ते मला सिस्टरना सांगवेना, म्हणून मी "काळजी" असं सांगायचे. आमच्या आजीच्या मते दात पडले की घरातलं कुणी जातं, लग्न दिसलं तर मरण, आणि मरण दिसलं तर आयुष्य वाढतं. आजीला मी हसायचे. दोघींचं एकच चाललं होतं, माझं फक्त इंग्रजीत होतं.

शकुंतला इंगळे अकोल्याकडच्या. नवरा रेल्वेत फिटर, बदलीने आलेला. खातीपुऱ्याकडे राहायचे. बाईंच्या पित्ताशयात खडे झाले होते. जयपुरात मराठी डॉक्टर भेटली याचा त्यांना इतका आनंद झाला की ऑपरेशनची भीतीच गेली.

"आपल्या भाषेत झोपवसान ना मले?" त्यांनी विचारलं.

"अंगाई म्हणते," मी म्हटलं.

ऑपरेशन झालं. दुसऱ्या दिवशी मी राउंडला गेले आणि नेहमीचा प्रश्न विचारला. घशात नळी घातलेली असते, त्यामुळे त्यांचा आवाज बसला होता. थांबत थांबत त्यांनी सांगितलं, "मी इहिरीच्या तळाशी होते. कोरडी इहीर. छातीवर वाळू. वरून ऊन लागून राहिलं, पन डोये उघडत नाहीत. पोटातून कोनी दोर ओढून राहिलं. बादल्या वाजून राहिल्या. वर मानसं आरामात बोलून राहिली. मी आवाज देते, तर आवाजच नाही."

मी खूश. विहीर, वाळू, दोर, एवढा ऐवज एका स्वप्नात कुणी दिला नव्हता. मी अर्थ सांगितले. दोर म्हणजे नाळ, तेही सांगितलं. सासरच्या ओझ्यापाशी आले तेव्हा बाई म्हणाल्या, "सासू माही मामीच हाये. लई चांगली बाई."

"वरवर तसंच वाटतं," मी म्हटलं.

म्हणजे त्यांच्या घरात नसलेलं भांडणही मी त्यांना देऊन आले.

दीडएक महिन्याने इंगळे पतीपत्नी परत आले. बाईंचे डोळे हळदीसारखे पिवळे. एक खडा पित्तनलिकेत राहून गेला होता, त्यामुळे कावीळ. आमचे सर्जन माथुरसाहेब म्हणाले, पुन्हा उघडावं लागेल, आणि लवकर. थांबलं तर आत पू होऊन जिवावर बेतेल.

बाई म्हणाल्या, "नाही."

इंगळे हताश झाले होते. "मॅडम, ऑपरेशन झाल्यापासून ही आडवी झोपत नाही. भिंतीले टेकून बसते. डोया लागला का दचकते. शेजारचे म्हनतात वरची हवा लागली, दौशाकडं घेऊन जा, तिथं भूत उतरवतात. आमी बौद्ध मानसं, भूत मानत नाही. म्हनून तुमच्याकडं आनलं. तुमी शिकेल हा."

माथुरसाहेबांनी मला बाजूला घेतलं. "आपकी तरफ की है. आप समझाइए. नहीं मानी तो बचेगी नहीं."

मी समजवायला बसले. कशी, तर पुन्हा पुस्तक घेऊन. तेच स्वप्न परत परत पडतं म्हणजे मन आपल्याला काहीतरी सांगू पाहतं, वगैरे. बाईंनी बराच वेळ ऐकून घेतलं. मग विचारलं, "मॅडम, तुमच्या पुस्तकात स्कूटरचा अर्थ काय लिवला हाये?"

"कसली स्कूटर?"

"वरून एक मानूस सांगून राहिला होता. त्याच्या स्कूटरच्या बुकिंगचा नंबर लागला, पन रंग हिरवाच भेटून राहिला. त्याची बायको म्हनते, मी हिरव्यावर बसत नाही. सगळे हासले. हिंदीत बोलून राहिले होते. मी इचार केला, माह्या सपनात स्कूटर कुठून आली? आमच्या घरी सायकल हाये."

मी पुस्तक मिटलं. बाई बोलतच होत्या.

"आन् एक बाई होती, डोक्यामांगं. तिनं माहे डोये पुसले. मले वाटलं, हिले समजलं, आता हे मले वर काढते. पन तिनं पुसले आन् निंगून गेली."

मी निघून गेले नव्हते. मी तिथेच स्टुलावर बसले होते.

इथे थोडं शिकवावं लागेल. भूल म्हणजे एकच औषध नसतं. एक झोपेचं इंजेक्शन, ते पटकन उतरतं. दुसरं स्नायू सैल करणारं, त्याला आम्ही रिलॅक्संट म्हणतो. ते दिलं की पेशंटला बोट हलवता येत नाही, पापणी उघडता येत नाही, श्वासही घेता येत नाही. श्वास आम्ही रबरी पिशवी दाबून देतो. पुढची झोप असते ती हॅलोथेन नावाच्या औषधाच्या वाफेवर. ते मशीनवरच्या एका भांड्यात भरायचं. भांड्याला लहानशी काच असते, आत किती उरलंय ते दिसावं म्हणून. रिलॅक्संटने झोप येत नाही. पेशंट फक्त गप्प होतो. हे मी ज्युनियरना शिकवत असे.

त्या दिवशी काय घडलं ते मला आठवायला लागलं. खरं तर सगळं तेव्हाही दिसलं होतं. मध्येच बाईंची नाडी वाढली, बीपी वाढलं. माथुरसाहेब म्हणाले, "पेशंट टाइट हो रही है," म्हणजे पोटाचे स्नायू ताठरले होते. मी काय केलं? आणखी रिलॅक्संट दिलं. बाई आतून धडपडत होत्या आणि मी त्यांचे उरलेसुरले हातपायही बांधले. डोळ्यांच्या कडेने पाणी आलं, ते मी गॉजने टिपलं. हळुवार टिपलं, हेही आठवतं. मग माथुरसाहेबांनी स्कूटरची गोष्ट सांगितली. त्यावर सगळ्यांत मोठ्याने हसले ती मी. ऑपरेशन संपल्यावर मशीन आवरताना पाहिलं तर भांड्याची काच कोरडी. वाटलं, आत्ताच संपलं असेल. पुढच्या पेशंटसाठी भरून ठेवलं आणि चहाला गेले.

म्हणजे विहीर ही विहीरच होती, आणि तिच्यात बाईंना मी ठेवलं होतं. ऊन म्हणजे टेबलावरचा दिवा. वाळू म्हणजे माझं औषध. दोर म्हणजे पोटात घातलेल्या हत्यारांची ओढ. बादल्या म्हणजे ट्रेमध्ये टाकलेले चिमटे. अर्थ लावायला पुस्तक नको होतं, मान वळवून काच पाहिली असती तरी पुरलं असतं.

शिवाय ते स्वप्न आहे असं बाई आपणहून कधीच म्हणाल्या नव्हत्या. तो शब्द माझा. डॉक्टरच स्वप्न म्हणतेय म्हटल्यावर त्या बिचाऱ्या दीड महिना स्वत:च्या डोक्यावर संशय घेत भिंतीला टेकून बसल्या.

मी माथुरसाहेबांच्या खोलीत गेले. "सर, आपकी स्कूटर किस रंग की है?"

"ग्रीन. क्यों?"

मी सांगितलं. त्यांनी उठून खोलीचं दार लावलं. मग म्हणाले, "सुनंदाजी, ड्रीम है तो ड्रीम ही रहने दीजिए. पेशंट को ऐसी बात कोई बताता है?"

मला ते पटलं. लाज वाटते, पण क्षणभर नव्हे, चांगलं जिना उतरून वॉर्डाच्या दारापर्यंत पटलेलं होतं. बाई गावी जातील, सगळे विसरतील, मीही. मग दारातून बाई दिसल्या. पिवळ्या, भिंतीला टेकलेल्या. ते स्वप्न राहिलं तर त्या टेबलावर येणार नव्हत्या. आणि आल्या नाहीत तर गावी नव्हे, स्मशानात जाणार होत्या.

मी सांगितलं. दोघांनाही, मराठीत, आडपडदा न ठेवता. औषध संपलं होतं, मी पाहिलं नाही, तुम्ही जाग्या होतात. डोळे पुसणारी बाई मीच.

मला वाटलं होतं शिव्या मिळतील. बाईंनी फक्त एवढंच विचारलं, "म्हंजे मी येडी नाही न?"

"नाही."

"मंग पयले काऊन नाही सांगतलं?" आणि त्या रडायला लागल्या. या वेळी मी डोळे पुसायला हात पुढे केला नाही.

इंगळे खिडकीशी उभे होते. त्यांनी माझ्याकडे न पाहता विचारलं, "आमच्याकडं डब्याखाली मानूस काम करत असन, तर डब्याले लाल झेंडी लावतात. झेंडी हाये तोवर कोनी गाडी हालवत नाही. तुमच्याकडं काय असते?"

आमच्याकडे काच असते, आणि ती पाहायची असते, एवढंच मला सांगता आलं.

पण त्या झेंडीवरून मला एक युक्ती आठवली. कुठल्याशा जर्नलमध्ये वाचून सोडून दिलेली. रिलॅक्संट देण्याआधी एका हाताला बीपीचा पट्टा बांधून घट्ट फुगवायचा. रक्त अडतं, म्हणून औषध त्या हातात उतरत नाही. सगळं शरीर लुळं पडलं तरी तेवढा हात काही वेळ पेशंटचा राहतो. जागी असेल तर तिला हात दाबता येतो. मी बाईंना ते बांधून दाखवलं. त्यांनी माझा हात इतका जोरात दाबला की बांगडी रुतली.

"चालन," त्या म्हणाल्या.

दुसऱ्या ऑपरेशनला थिएटरमध्ये कुणी स्कूटरबद्दल बोललं नाही. कशाबद्दलच बोललं नाही. मी भांडं काठोकाठ भरलं, बाईंचा हात हातात घेतला आणि थोड्या थोड्या वेळाने कानाशी वाकून विचारत राहिले, "इंगळेबाई, ऐकू येतंय? येत असेल तर हात दाबा." हात सैल. एकदा करंगळी हलली. दाबली नाही, नुसती हलली. आधी काच पाहिली. मग हॅलोथेन वाढवलं. मग पुन्हा काच पाहिली. माथुरसाहेबांनी मास्कवरून एकदा बघितलं आणि मान खाली घातली. खडा निघाला.

मला कुणी काही केलं नाही. तेव्हा करत नसत. पुढे निवृत्त होईपर्यंत दर ऑपरेशनला मी इतक्या वेळा काच पाहायचे की ज्युनियर माझी नक्कल करायचे. ते पुस्तक अजून घरात आहे. वाऱ्याने खोलीचं दार आपटू नये म्हणून ते त्याला लावून ठेवते. नात मोबाइलवर स्वप्नांचे अर्थ वाचून दाखवते, तेव्हा मी स्वयंपाकघरात निघून जाते. कुणी काही सांगायला लागलं तर ते स्वप्न आहे की आठवण, हे आधी त्यालाच विचारावं. एवढं शिकायला मला एका बाईचं पोट लागलं.

बाईंची कावीळ उतरायला लागली तशी मी एका सकाळी त्यांच्या कॉटपाशी गेले. कडेला बसले नाही, उभीच राहिले. बाई उशीवर डोकं टेकून आडव्या झोपल्या होत्या.

"झोप लागली होती?" मी विचारलं.

"हाओ."

"टेबलावर काही ऐकू आलं?"

"नाही."

तिथे थांबायला हवं होतं. पण जिभेला लागलेली सवय.

"आणि स्वप्न?"

बाई हसायला लागल्या. टाके दुखले म्हणून पोटावर हात धरला आणि म्हणाल्या, "पडलं ना एक. पन तुमाले नाही सांगत, बाई. तुमी त्याचा अर्थ सांगत बसता."