तात्या आणि चोख पाणी

हंगाम संपला तरी कारखान्याच्या मागे बगॅसचा, म्हणजे उसाच्या चिपाडाचा, ढीग उरतोच. किस्स्यांचंही तसंच. आमच्या हायड्रोजन युनिटला आता चौथा हंगाम चालू आहे, पण मला सारखा आठवतो तो पहिला.

जर्मनीत शिकताना डोळ्यांपुढे होतं काचेचं, चकचकीत युनिट. घरी वाईला आईला सांगितलंही होतं, "बघच तू." प्रत्यक्षात मिळाली कराडच्या खालच्या अंगाला, एका साखर कारखान्यातली मळीची जुनी शेड. आत एक कंटेनर, आणि माणसं तीन: मी, लॅबमधली सुनीता आणि बॉयलरवरून बदली मागून आलेले तात्या. उसाच्या रसाचा गोड वास इतका, की पहिल्या आठवड्यात माझा चहासुद्धा बिनसाखरेचा झाला.

तात्या स्वतःहून आले होते. "बॉयलरवर जलम गेला. काजळी लय खाल्ली. रिटायर व्हायच्या आत एक तरी सीजन धुतलेल्या कपड्यात काम करायचंय," एवढंच म्हणाले.

*

पहिल्या दिवशी मी फळ्यावर समजावलं. बगॅस जाळून वाफ, वाफेवर वीज, विजेने पाणी फोडलं की हायड्रोजन आणि ऑक्सिजन. हायड्रोजन जाळला की धूर नाही, पुन्हा पाणीच.

तात्या म्हणाले, "पाण्याचा गॅस, गॅसचं परत पाणी. मग आपल्याला मिळालं काय?"

"मधली ऊर्जा, तात्या. ती साठवता येते, लांब नेता येते."

"म्हंजी डबा. वीज डब्यात भरून न्यायची."

मी दोन वर्षं जे शिकले, ते त्यांनी एका शब्दात बसवलं.

*

हायड्रोजनची ज्योत उन्हात दिसत नाही. मी सेन्सर मागवला होता, तो यायचा होता. टेस्ट बर्नरपाशी जाताना तात्या पुढे लांब दांड्याचा खराटा धरून चालायचे. टोक पेटलं की, "हाय, जळतंय."

मी हे जर्मनीतल्या सरांना तक्रारीच्या सुरात कळवलं. त्यांचं उत्तर आलं: "आमच्या काळी आम्हीही झाडूच वापरायचो."

*

एकदा कारखान्याचे एक सभासद शेतकरी बघायला आले. नाक वर करून म्हणाले, "वास न्हाई, रंग न्हाई. गॅस हुतोय कशावरनं?"

सुनीता म्हणाली, "आवं काका, उसातल्या साखरेचा उतारा वास घेऊन काढत्यात व्हय?"

काका बराच वेळ हसले आणि दुसऱ्या दिवशी गावातल्या आणखी चौघांना घेऊन आले.

*

आणि मग तो दिवस. संचालक बघायला येणार होते आणि आदल्या दुपारी पाणी फोडणारं मशीन आपोआप बंद पडलं. पाण्याच्या टाकीवरचा मीटर लाल झाला होता. या मशीनला क्षाराचा कणही चालत नाही, आणि पाण्यात क्षार निघाले.

तात्या पुढे आले. "मी तुरटी फिरवली. दोनदा. एवढं नाजूक मशीन, म्हटलं पाणी आणखी चोख करावं."

कारखान्याच्या मॅनेजरनी कागद पुढे केला. "यांना उद्यापासून परत बॉयलरवर पाठवा. सकाळपर्यंत तुमची सही पाहिजे."

तात्यांनी गयावया केली नाही. फक्त विचारलं, "मशीनला लय लागलं का?"

मी म्हटलं, "नाही, पाणी आत जायच्या आधीच ते थांबलं. पण तात्या, तुरटीनं गाळ बसतो, ती स्वतः मात्र पाण्यात विरघळते. टाकीवर पाटी होती ना, यात काहीही घालू नका म्हणून?"

"ती इंग्रजी पाटी व्हय? मला वाटलं, कंपनीचं नाव हाय."

पाटी मीच लावली होती.

सकाळी टाकी धुऊन नवं पाणी भरलं आणि मी कागद सही न करता परत दिला. पाण्याच्या टाकीची जबाबदारी तात्यांच्या नावावर लिहिली, आणि रंगाचा डबा-ब्रश त्यांच्या हातात देऊन म्हटलं, नवी पाटी तुम्हीच रंगवा.

संचालक आले तेव्हा रंग ओलाच होता: "पाणी चोख हाय. आणखी चोख करू नये."