अंदाज चुकला, असं लिहिणारी

देशाच्या मध्यवर्ती बँकेत, प्रसिद्धी विभागात ती एकवीस वर्षं भाषांतर करत होती. तिला शिपायापासून साहेबांपर्यंत सगळे ताईच म्हणत. व्याजदर ठरला की गव्हर्नरांचं निवेदन तिच्या टेबलावर यायचं आणि दोन तासांत ते लोकांच्या भाषेत उतरवायचं, हे तिचं काम.

"लोकांच्या भाषेत कसलं?" धाकटा भाऊ म्हणायचा. त्याचं लेथ मशीनचं छोटं वर्कशॉप होतं. "तुमचं वाचून आमच्या डोक्याचा भुगा होतो."

ताई हसण्यावारी न्यायची. पण त्या वर्षी बँक म्हणाली, महागाई सहा महिन्यांत उतरेल. त्या भरवशावर भावानं कर्ज काढून नवं मशीन मागवलं. महागाई उतरली नाही, उलट व्याजदर चढला; आणि नव्या निवेदनात जुन्या अंदाजाचं नावही नव्हतं.

"माझ्याही मशीनवर एखादा जॉब बिघडतो कधी," भाऊ म्हणाला. "पण मी गिऱ्हाइकाला फोन करून सांगतो. तुम्ही मूग गिळून बसता."

हे तिला लागलं. पुढच्या बैठकीत मसुदा वाचून झाला तेव्हा दाराजवळच्या खुर्चीवरून तिनं हात वर केला.

"साहेब, मागच्या वेळी आपण म्हणालो, त्याचं काय झालं?"

"ताई, मजकूर तुम्ही उतरवायचा, घालायचा नाही," उपगव्हर्नर म्हणाले.

गव्हर्नर नवेच होते. त्यांनी चष्मा काढला. "तुम्ही काय लिहाल?"

"अंदाज चुकला. इंधन इतकं महागेल असं वाटलं नव्हतं. म्हणून दर वाढवतोय, आणि महागाई उतरताना दिसली की थांबू."

"लोक हसतील," उपगव्हर्नर म्हणाले.

"हसू देत की. आत्ता तर वाचतही नाहीत."

गव्हर्नरच आधी हसले. तिची वाक्यं निवेदनात सगळ्यात वर गेली.

वर्तमानपत्रांनी बँकेला झोडपलं. उपगव्हर्नर पंधरा दिवस तिच्याशी बोलले नाहीत. पण पत्रंही आली: एका बेकरीवाल्याचं, एका निवृत्त मास्तरांचं. गव्हर्नरांनी ती स्वतः वाचली आणि मागच्या अंदाजाचा हिशेब दर वेळी द्यायचा, असं ठरवून टाकलं. तो लिहायचं काम ताईकडे आलं.

भावानं चहा पिता पिता हिशेबाचं ते पान दोनदा वाचलं. "पटलं नाही बुवा," तो म्हणाला, "पण कळलं."

मग व्याजदरावरून बहीण-भाऊ अर्धा तास कडाकडा भांडले. एकवीस वर्षांत पहिल्यांदाच.