भिंगरी सिस्टर आणि सात नंबरची खाट

हाडांच्या वॉर्डातल्या या सिस्टरला सगळे भिंगरी म्हणत. एकोणीस वर्षांत तिला निवांत बसलेलं कुणी पाहिलं नव्हतं. चहासुद्धा ती खाटांमधून फिरता फिरता प्यायची. मोठ्या सिस्टरांनी एकदा दटावून खुर्चीत बसवलं, तर पाच मिनिटांत उठून खिडक्या पुसायला लागली.

याला कारण होतं. नोकरीच्या पहिल्या वर्षी कोपर मोडलेलं एक पोर रात्रंदिवस रडत राहिलं, आणि हिने कागदावर ‘हट्टी आहे’ एवढंच लिहिलं. खरं तर पट्टी घट्ट बसली होती, म्हणून ते रडत होतं. त्या पोराची बोटं कायमची आखडली. तेव्हापासून हिच्या पायाला थारा नव्हता.

एका मंगळवारी सात वर्षांची एक मुलगी ऑपरेशन होऊन सात नंबरच्या खाटेवर आली. घसरगुंडीवरून पडून कोपराच्या वरचं हाड सरकलं होतं. सर्जननी ते जागेवर बसवून दोन तारा घातल्या होत्या, वरून प्लास्टर. बोटं गुलाबी, नाडी चांगली.

दुपारी मात्र मुलगी पायांनी चादर गोळा करू लागली. दुखणं थांबायचं औषध दिलं, पुन्हा दिलं, तरी तेच. शिवणकाम करणारी तिची आई ओशाळून म्हणाली, लाडावलीय जरा. शिकाऊ डॉक्टरांनी नाडी पाहिली आणि तारा घातल्यावर मुलं रडणारच, असं सांगून ते पुढच्या खाटेकडे गेले.

भिंगरीने अर्ध्या तासात चार फेऱ्या मारल्या. चौथ्या वेळी तिने मुलीचं मधलं बोट हळूच सरळ केलं. मुलीने असा टाहो फोडला की अख्खा वॉर्ड वळून बघू लागला.

भिंगरी जिना उतरून थेट सर्जनच्या तपासणीच्या खोलीत घुसली. बाहेर रांग होती, लोक कुरकुरले.

“सर, सात नंबरच्या मुलीचं बोट सरळ केलं की तिला सहन होत नाही. दोनदा औषध झालंय.”

“नाडी?”

“लागतेय. पण आत सूज दाबत असेल तर नाडी शेवटी जाते. चला.”

सर्जन उठले. त्यांनी प्लास्टर आतल्या कापसासकट उभं कापलं, कोपर थोडं सैल सोडलं आणि ऑपरेशनची खोली तयार ठेवायला सांगितलं. मग सूज उतरायची वाट बघत सगळे नुसते उभे राहिले. भिंगरीला तेवढंच जमेना. ती खाटेच्या या बाजूने त्या बाजूला जात राहिली. तासाभराने मुलगी शांत झोपली. बोट सरळ केलं तरी तिचा डोळा उघडला नाही. पुन्हा ऑपरेशन करायची वेळ आली नाही.

“दर अर्ध्या तासाने तुम्ही स्वतः बघायचं,” सर्जन शिकाऊ डॉक्टरांना म्हणाले.

महिन्याभराने तारा निघाल्या, पण कोपर ताठच. आई घाबरून रोज ते ओढायला लागली, तेव्हा भिंगरीने तिला समजावलं, “ताई, ओढू नका. खेळू द्या तिला. हात आपोआप सुटेल, पण महिने लागतील.”

चौथ्या महिन्यात मुलगी तपासणीला आली ती स्वतः घातलेली वेणी घेऊन. वेडीवाकडी होती. आई म्हणाली, दोन दिवस झाले, मी सोडू दिली नाही.