शिक्का नसलेला भाडेकरार

समितीच्या बैठकीत अध्यक्षांनी कामतघरच्या फाइलचं शेवटचं पान उलटलं आणि माझ्याकडे पाहिलं. "भाडेकरार कुठाय?"

तेव्हा मला आठवलं, तो कुठे आहे. माझ्या पिशवीत, मोजणीच्या टेपखाली. आणि पिशवी माझ्या पायाशी होती.

दोन हजार पाच-सहाच्या सुमारास मी क्रीडा अधिकारी होतो. मैदानासाठी किंवा व्यायामशाळेसाठी सरकारी अनुदान हवं असेल तर संस्था अर्ज करते, अधिकारी जागेची पाहणी करतो, समिती शिफारस करते. मुख्य अट जागेची. ती संस्थेच्या मालकीची हवी, नाहीतर नोंदणीकृत भाडेकराराने घेतलेली. तो कागद नसेल तर बाकीची फाइल रद्दी. त्या वर्षी भिवंडीतून एकच नाव पुढे जाणार होतं आणि फायली दोन उरल्या होत्या. एक कामतघरच्या कबड्डी मैदानाची, दुसरी पूर्णा गावातल्या व्यायामशाळेची.

कामतघरच्या पाहणीला मी बैठकीच्या पंधरा दिवस आधी गेलो होतो. तिथला बाळाराम भोईर जॉबर होता, म्हणजे लूम दुरुस्त करणारा. ड्युटी सुटली की चाळीतल्या मुलींना कबड्डी शिकवायचा. मैदानाला कुंपण नव्हतं. चढाई रंगात आली की मधूनच रिक्षा घुसायची. मी टेप लावली तेव्हाही एक उभीच होती.

"साहब, पहले रिक्शा हटाओ, फिर नापो!" एक मुलगी ओरडली. सगळे हसले, रिक्षावालासुद्धा.

मोजणी झाल्यावर बाळारामने खिशातून भाडेकरार काढला. "जागेचा मालक लय मुश्किलीनं तयार झालाय, साहेब. अनुदान आलं तर जागा पोरींची. न्हाय आलं तर करार रद्द, तो लूमची शेड टाकणार. उद्या शेवटची तारीख हाय ना? मी शिफ्ट मोडून येतो ऑफिसला."

"कशाला खाडा करता, बाळारामभाऊ? द्या माझ्याकडे. मी लावतो फाइलला."

आमच्याकडे बाहेरून आलेला कागद आधी आवक खिडकीवर द्यायचा असतो. तिथे शिक्का आणि नंबर पडतो. शिक्का नसलेला कागद आलेलाच नसतो. हे मला पक्कं माहीत होतं. पण त्या माणसासाठी काहीतरी करावंसं वाटलं, आणि साहेब चांगले आहेत असं त्याने म्हणावं, हीही इच्छा होती. दुसऱ्या दिवशी मला स्पर्धेच्या ड्युटीवर पाठवलं. कागद पिशवीत राहिला आणि मी तो साफ विसरलो.

"जोडलेला नाही का?" अध्यक्षांनी पुन्हा विचारलं.

"फाइलमध्ये नाही, साहेब."

हे शब्दशः खरं होतं. शेजारी बसलेले माझे वरिष्ठ हळूच म्हणाले, "अहो, पाहणीला गेला होतात ना? मागितला नाहीत?"

माझ्या बढतीचा प्रस्ताव त्याच महिन्यात वर गेला होता. मुदतीत मिळालेला कागद माझ्या पिशवीत काय करतोय, याचं उत्तर लेखी द्यावं लागलं असतं. मी पायाने पिशवी खुर्चीखाली सरकवली.

"मागितला होता, सर. आणून देतो म्हणाले होते."

"संस्थेलाच गरज दिसत नाही," अध्यक्ष म्हणाले. "पुढची फाइल."

पूर्णा मंजूर झालं. त्यांची फाइल खरोखर पूर्ण होती, त्यांना दोष नाही.

आठवड्याने बाळाराम ऑफिसात आला. आवाज चढवला नाही. "तुम्ही तुमच्या परीनं केलंत, साहेब. तेवढा कागद द्या, मालकाला परत करायचाय."

बैठकीनंतर पिशवीतून ड्रॉवरमध्ये टाकलेला कागद मी काढून दिला. त्याने पुढून पाहिला, मागून पाहिला.

"यावर शिक्का न्हाय."

"माझ्याकडेच राहिला," मी म्हणालो. एवढंच खरं बोलता आलं, आणि तेही उशिरा.

त्याने कागदाची घडी घातली. "मी येतच होतो ना, साहेब. शिफ्ट मोडून."

मैदानावर शेड उभी राहिली. मला बढती मिळाली. तेव्हापासून निवृत्त होईपर्यंत मी कुणाचा कागद हातात घेतला नाही. माणूस कितीही दुरून आलेला असो, आधी खिडकी, मग मी. लोक मला कडक म्हणायचे. मी कधी खुलासा केला नाही.